'स्टाफ नर्स' लिहिलं तर एक आकडा, 'ऑफिसर' लिहिलं तर दुसरा: गाडीच्या विम्यात हुद्द्याचं काय काम?

परळची_सिस्टर (धागा सुरू)

गेल्या मंगळवारी नाइट करून घरी आले आणि झोपायच्या आधी गाडीचा विमा रिन्यू करून टाकावा म्हणून मोबाइल घेऊन बसले. गाडी सहा वर्षांची व्हॅगन आर, ११९७ सीसी, पेट्रोल. मुलुंडला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते. सहा वर्षांत एक क्लेम नाही, म्हणून नो क्लेम बोनस पूर्ण ५० टक्के. एका कंपनीच्या साइटवर सगळं भरत गेले आणि 'व्यवसाय' अशी चौकट आली. यादी उघडली: डॉक्टर, सीए, शिक्षक, सरकारी अधिकारी, संरक्षण दल, बँक, इतर. नर्स कुठेच नाही. 'इतर' टाकलं, आकडा आला. मग नुसता फरक बघायला म्हणून 'डॉक्टर' करून पाहिलं. ६१० रुपये उतरले. गाडी तीच, बेसमेंट तेच, चालवणारी मीच.

एजंटला फोन केला तर म्हणाले, "ताई, 'नर्सिंग ऑफिसर' लिहा ना, अधिकारीमध्ये बसवून टाकतो." केंद्र सरकारच्या हॉस्पिटलांत २०१६ पासून स्टाफ नर्सला नर्सिंग ऑफिसर म्हणतात. राज्य सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणतात. माझ्या ओळखपत्रावर स्टाफ नर्स छापलंय. तिघीही पहाटे चारला बीपी घेतो, सलाइन बदलतो, पेशंटला कूस बदलून देतो. नाव वेगळं म्हणून आमच्यापैकी एकीची गाडी जास्त सुरक्षित कशी होते?

६१० रुपयांसाठी मी हे लिहीत नाही. मी गाडी कशी चालवते हे त्या कंपनीने विचारलंच नाही, मी कोण आहे हे विचारलं. माझ्या मते गाडीच्या विम्यातून व्यवसायाची चौकट काढूनच टाकली पाहिजे. ज्यांना उलटं वाटतं त्यांनी कारण सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

दादर_विमावाला

सिस्टर, २२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून आधी बिल फोडून दाखवतो. तुमच्या पॉलिसीत दोन मोठे भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० मध्ये ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. तुम्ही ३,४१६ भरता, तुमच्या हॉस्पिटलचे डीन तेवढ्याच सीसीची गाडी चालवत असतील तर तेही ३,४१६ भरतात. हुद्दा इथे पोचतच नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. हाही पूर्वी टॅरिफने, म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारख्याच ठरलेल्या दरांनी, बांधलेला होता: सीसी, गाडीचं वय, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि झोन, बस्स. मुंबई, पुणे आणि आणखी सहा मोठी शहरं झोन ए, बाकी देश झोन बी. १ जानेवारी २००७ ला ते टॅरिफ उठलं आणि कंपन्यांना आपापले दर ठेवायची मोकळीक मिळाली. तुम्हाला दिसलेले ६१० रुपये या मोकळिकीतले. काही कंपन्या व्यवसाय बघतात, बऱ्याच बघतही नाहीत. चार ठिकाणी कोटेशन काढा, फरक पडेल.

आणि तुमच्या एजंटने जे सांगितलं ते मी माझ्या गिऱ्हाइकाला कधी सांगणार नाही. प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा मागताना भरतो तो अर्ज, हा सही करून दिलेला शब्द असतो.

गोरेगावकर_७८

एवढा विचार कशाला? नर्सिंग ऑफिसर हे खोटं थोडंच आहे, सरकारनेच दिलेलं नाव आहे. कंपनी प्रत्येक चौकटीतून आपला फायदा बघते, आपण आपला बघावा. माझा मेहुणा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, फॉर्मवर 'खासगी नोकरी' लिहितो. वर्षानुवर्षं चाललंय, कोणी विचारलं नाही.

हिंदमाता_ते_हॅरो

मी मूळ मुंबईतल्या हिंदमाताचा, आता अकरा वर्षं लंडनच्या हॅरो भागात राहतो. इकडे हा प्रश्न रोजचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे कारचा विमा घेताना व्यवसाय विचारतातच, आणि एक नाही, दोन चौकटी असतात: तुम्ही काय करता आणि कुठल्या धंद्यात करता. यादी शेकडो नावांची. माझा रूममेट वेम्बलीच्या एका हॉटेलात स्वयंपाक करायचा. 'शेफ' लिहिलं की एक आकडा, 'किचन स्टाफ' लिहिलं की दुसरा, 'केटरिंग मॅनेजर' लिहिलं की तिसरा. पत्रकाराने 'लेखक' लिहिलं, गवंड्याने 'बांधकाम व्यावसायिक' लिहिलं तरी आकडा हलतो, कधी खाली तर कधी वर. एक धंदा झालाय लोकांचा, योग्य नाव शोधत बसायचं.

पण कायदा कुठे उभा आहे ते बघा. इथला २०१२ चा ग्राहक विमा कायदा सांगतो की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना वाजवी काळजी घ्या. चूक निष्काळजीपणाने झाली तर कंपनी तेवढ्या प्रमाणात क्लेम कापते. मुद्दाम खोटं लिहिलंत तर पॉलिसीच रद्द आणि भरलेला हप्ताही सहसा परत मिळत नाही. म्हणजे दोन नावांपैकी दोन्ही खरी असतील तर स्वस्तातलं निवडायला हरकत नाही, पण शेफने मॅनेजर लिहिलं तर तो फसला. गोरेगावकर, तुमच्या मेहुण्याला हे सांगा. 'कोणी विचारलं नाही' याचा अर्थ अजून मोठा अपघात झालेला नाही, एवढाच.

आणखी एक. २१ डिसेंबर २०१२ पासून युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे इथे स्त्री-पुरुष भेदावरून हप्ता ठरवता येत नाही. पण व्यवसाय विचारायला बंदी नाही. आता बघा, नर्स लिहिलं की बहुतेक बाई, गवंडी लिहिलं की बहुतेक पुरुष. पुढचं दार बंद केलं तरी मागचं उघडं राहिलं. मी सिस्टरच्या बाजूने आहे.

फोर्टचा_अंडररायटर

विमा कंपनीत अंडररायटिंगला आहे, म्हणजे जोखीम बघून हप्ता ठरवतो, कंपनीचं नाव सांगत नाही. सिस्टर, तुम्ही समजून घ्यायचंय म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर अशा धाग्यावर आम्ही फक्त शिव्या खातो.

विमा म्हणजे आधी अंदाज. क्लेम कोणाचा येणार हे मला माहीत नसतं, कोणत्या गटातून जास्त येतात एवढं दिसतं. व्यवसायातून चार गोष्टींचा सुगावा लागतो: गाडी महिन्याला किती फिरते, दिवसाच्या कुठल्या वेळी फिरते, कुठे उभी राहते आणि किती जणांच्या हातात जाते. शाळेतले शिक्षक मे महिन्यात गाडी बाहेर काढत नाहीत. बँकेतला माणूस साडेनऊला जातो, सातला येतो. विक्रीचं काम करणारा मुलगा एका दिवसात वसई, भिवंडी, तुर्भे करतो. या तिघांना एकच दर लावला तर शिक्षकाने विक्रीवाल्याचा खर्च उचलायचा. त्याला तुम्ही न्याय म्हणाल का?

आणि एक कडू गोष्ट. मुंबईत हवामान खात्याचा रेड अलर्ट लागला की निम्मी मुंबई घरी बसते. नर्स, पोलीस, महापालिकेचे कर्मचारी, वीजवाले यांना निघावंच लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्या दिवशी रस्त्यावर अडकलेल्या गाड्या आठवा. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि माणसाने पुन्हा सेल्फ मारला की आत पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर, घेतलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. ज्याला त्या दिवशी बाहेर पडावंच लागतं त्याची जोखीम जास्त आहे. हे मी तुमच्या कामाला कमी लेखून म्हणत नाही, गणित म्हणून म्हणतोय.

परळची_सिस्टर

तुमचं गणित मी दोनदा वाचलं. राग आला, पण समजलंही.

आता माझं ऐका. रेड अलर्टच्या दिवशी तुम्ही घरी बसता ते योग्यच आहे. मी निघते. हिंदमाताला पाणी भरलंय की नाही हे निघायच्या आधी वॉर्डबॉयला फोन करून विचारते, भरलं असेल तर गाडी सायनला उभी करून चालत जाते. दोन वर्षांपूर्वी चपला हातात घेऊन गेले, युनिफॉर्म पिशवीत. त्या रात्री आमच्या वॉर्डात आठ पेशंट व्हेंटिलेटरवर होते आणि दोघीच नर्स पोचल्या होत्या. ज्या कामासाठी शहर मला बाहेर बोलावतं, त्याच कामाचा दंड मी माझ्या खिशातून भरायचा? तुमच्या गणितात जोखीम आहे, ती कोणासाठी घेतली हे नाही.

आणि दुसरं. तुम्ही ज्या चार गोष्टी सांगितल्या त्यातली पहिली, गाडी किती फिरते, ती सरळ विचारता येते की नाही? मग व्यवसायावरून हेरगिरी कशाला? गाडीच्या काचेमागे किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. तो बघा. माझ्या वॉर्डातले एक डॉक्टर गाडी घेऊन रोज अलिबाग करतात, आणि सवलत त्यांना.

काळीपिवळी_घाटकोपर

सिस्टर, माझे वडील ३८ वर्षं काळी-पिवळी चालवत होते. शेवटची गाडी पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला कायमची गेली, त्याच्या आधीच ते थांबले.

टॅक्सीचा थर्ड पार्टी हप्ता खासगी गाडीपेक्षा बराच जास्त असतो आणि वर प्रत्येक प्रवाशामागे वेगळे पैसे. त्याला माझी हरकत नाही. टॅक्सी दिवसभर रस्त्यावर असते, आत परकी माणसं बसतात. पिवळी नंबरप्लेट म्हणजे वापर, आणि वापरावर पैसे घ्या.

पण वडिलांनी निवृत्तीनंतर घरासाठी एक जुनी अल्टो घेतली, पांढऱ्या प्लेटची. फॉर्म भरणारा मुलगा म्हणाला, "काका, ड्रायव्हर नको, व्यवसाय 'निवृत्त' लिहूया." वडील तीन दिवस गप्प होते. त्यांना वाटत होतं की आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान होता, ते लपवायला सांगतायत. ३८ वर्षांत त्यांच्या हातून एक माणूस जखमी झाला नाही. रस्त्यावर सगळ्यात जास्त अनुभव कोणाला असेल तर त्यांना. पण वैयक्तिक अपघात विम्याचं पत्रक काढा: डॉक्टर, वकील, हिशेबनीस पहिल्या गटात, ड्रायव्हर दुसऱ्यात, खाणीत नाहीतर हाय टेन्शन तारेवर काम करणारे तिसऱ्यात. तिथे मला पटतं, कारण तिथे कामावरच इजा होऊ शकते, कामाचं नाव विचारणं रास्त आहे. रविवारी बायकोला घेऊन टिटवाळ्याला जाताना माझे वडील ड्रायव्हर नसतात हो, नवरा असतात.

लालबाग_डबेवाली

मी मात्र अंडररायटरच्या बाजूने बोलणार, कारण माझा हात पोळलाय.

मी घरून जेवणाच्या ऑर्डर घेते. साखरपुडे, बारशी, गणपतीत मंडळांचं जेवण. नवऱ्याच्या नावावर पांढऱ्या प्लेटची ईको होती. तो खासगी कंपनीत कामाला, फॉर्मवर 'नोकरी' लिहिलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. एका शनिवारी ४० माणसांचं जेवण घेऊन शिवडीकडे जात होतो, मागून ट्रेलरने ठोकलं. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने बंपरचा फोटो काढला, मग मागचं दार उघडलं आणि आतले फोटो काढले: दोन पातेली, मसालेभाताचा हंडा, झाकणाला बांधलेलं फडकं, सांडलेली कढी. तीन आठवड्यांनी पत्र आलं, क्लेम नामंजूर. कारण: गाडी मालवाहतुकीला वापरली. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणं, माल वाहणं, शर्यत लावणं चालत नाही, फक्त नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ३८,००० रुपये आम्ही घातले, दोन ऑर्डरी परत केल्या त्या वेगळ्या.

सिस्टर, त्या वेळी फॉर्मवर कोणी नीट विचारलं असतं की बाई, घरात कोण काय करतं, या गाडीतून काय नेता, तर मी खरं सांगितलं असतं आणि जास्त पैसे भरून झोपले असते. व्यवसायाची चौकट काढू नका. ती नीट विचारा.

दादर_विमावाला

ताई, वाईट वाटलं. तुमचा एजंट चुकला. फॉर्ममध्ये वापराचा प्रश्न असतो, तो वाचून दाखवणं आमचं काम. आणि नामंजुरीचं पत्र आल्यावर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे, फी लागत नाही. तुम्ही गेला होतात का?

लालबाग_डबेवाली

नाही हो. पत्रावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, आम्ही पहिलीच ओळ वाचून पत्र फाडलं.

ठाणे_कोर्ट_आवार

वकील आहे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काम करतो. आधी लालबागच्या ताईंना: सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा अमलेंदु साहू निकाल आहे. त्यात खासगी गाडी भाड्याने दिली होती तरी कोर्टाने सांगितलं की कंपनीने क्लेम सरसकट नाकारू नये, नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अट मोडलेला क्लेम, धरून काही भाग द्यावा. तुमचे पूर्ण नाही तरी बरेच पैसे मिळू शकले असते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सगळे हप्त्यावर भांडताय. हुद्द्याची खरी किंमत मी रोज दुसऱ्या टोकाला बघतो, माणूस गेल्यावर.

समजा वय ३०, महिन्याला २०,००० रुपये मिळवणारा, मागे बायको, मुलगी आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांवरून हिशेब होतो. कायमची नोकरी असेल तर पुढच्या वाढीपोटी उत्पन्नात ५० टक्के मिळवतात: महिना ३०,०००, वर्षाचे ३,६०,०००. स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले २,४०,०००. वयावरून ठरलेला गुणक १७. झाले ४०,८०,०००. तोच माणूस तेवढेच पैसे रिक्षा चालवून किंवा वडापावच्या गाडीवर कमावत असेल तर वाढीपोटी ४० टक्केच मिळवतात, आणि आकडा ३८,०८,००० येतो. २,७२,००० रुपयांचा फरक, फक्त कामाच्या प्रकारावरून. आणि हे कागदावरचं. प्रत्यक्षात रिक्षावाल्याच्या बायकोला ते २०,०००च सिद्ध करता येत नाहीत. पगाराची स्लिप नसते. मग कोर्ट अंदाजाने कमी उत्पन्न धरतं आणि पुढचं सगळं गणित खाली येतं.

गृहिणीचं तर विचारूच नका. 'काही करत नाही' असं नवराच जबाबात सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठासून सांगितलं की घरकामाचं मोल धरलंच पाहिजे. तरी माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मला विचारावं लागतं: पाणी कोण भरायचं, मुलांना शाळेत कोण सोडायचं, आईची इन्सुलिन कोण द्यायचं? एकेक उत्तर देताना त्याचा आवाज बसत जातो.

म्हणून माझं मत सिस्टरपेक्षा वेगळं आहे. व्यवसाय हा शब्द विम्यातून काढता येणार नाही, नुकसानभरपाईत तो लागतोच. पण हप्ता घेताना हुद्दा आणि भरपाई देतानाही हुद्दा, असं दोन्हीकडून एकाच माणसाला चेपू नका.

हिंदमाता_ते_हॅरो

वकीलसाहेब, हे माहीत नव्हतं. एक भर घालतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १०३ आणलं: हप्ता आधी चालकाच्या नोंदीवर, मग वर्षाच्या मैलांवर, मग अनुभवाच्या वर्षांवर ठरला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. तरी कंपन्यांनी ठरावीक व्यवसायांच्या 'गटां'ना सवलत देण्याची वाट काढलीच. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये नियम केला की शिक्षण आणि व्यवसाय वापरायचा असेल तर त्यातून अन्याय होत नाही हे कंपनीने सिद्ध करावं. म्हणजे सिद्ध करायचं ओझं नर्सवर नाही, कंपनीवर. मला हाच मार्ग पटतो.

फोर्टचा_अंडररायटर

न्यूयॉर्कचा नियम मलाही मान्य आहे. आकडे असतील तर दाखवावे लागतील, नसतील तर चौकट काढा. प्रामाणिकपणे सांगतो, आपल्याकडे डॉक्टर-सीएची सवलत कधीकधी जोखमीच्या गणितातून नाही, मार्केटिंगच्या टेबलावरून येते. चांगलं गिऱ्हाईक खेचायचं, पुढे त्यालाच आरोग्य विमा विकायचा. सिस्टरना दिसलेले ६१० त्यातले असू शकतात, आणि तसं असेल तर मी त्याची बाजू घेणार नाही.

पण वापराचा पुरावा कुठून आणायचा, हाही प्रश्न आहे. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकाने, 'पे ॲज यू ड्राइव्ह' आणि 'पे हाउ यू ड्राइव्ह' ला मुभा दिली. पहिल्यात किलोमीटर मोजतात. दुसऱ्यात मोबाइल किंवा गाडीतलं यंत्र तुमचा वेग, जोराचा ब्रेक, रात्रीची वेळ नोंदवतं. सिस्टर, दुसरा घेतलात तर रात्री चालवता म्हणून गुण जाऊ शकतात. फिरून तिथेच. २०२१ मध्ये नियामकाच्या एका कार्यगटाने वाहतूक गुन्ह्यांवर गुण लावायची शिफारस केली होती: दारू पिऊन चालवलं तर १००, चुकीच्या जागी उभी केली तर १०, त्यावरून जादा हप्ता. मला विचाराल तर ती सगळ्यात सरळ पद्धत आहे. माणसाने केलेल्या कृतीवर पैसे.

गोरेगावकर_७८

चुकीच्या पार्किंगचे गुण? मुंबईत पार्किंग आहे कुठे? पण दारूचं मान्य.

मेहुण्याला फोन केला. त्याची गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटर चालते. आत औषधांचे नमुने असतात, ते चालतं म्हणे. पण कधीकधी स्टॉकिस्टकडचे खोकेही नेतो. लालबागच्या ताईंचं त्याला वाचून दाखवलं. पुढच्या रिन्यूअलला एजंटला बसवून सगळं विचारतो म्हणालाय. माझं आधीचं मागे घेतो.

काळीपिवळी_घाटकोपर

वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, सिस्टरला सांग, हिंदमाताला पाणी असेल तर सायनला सोडू नको, किंग्ज सर्कलही भरतं. घाटकोपरला आमच्याकडे गाडी लाव, लोकलने जा.

परळची_सिस्टर

काकांना नमस्कार सांगा. नंबर मागून घेईन.

दोन दिवस विचार केला. अंडररायटर, तुमचं एक मान्य केलं: वापर विचारायलाच हवा, आणि लालबागच्या ताईंसाठी तो आणखी खोलात जाऊन विचारायला हवा. माझी मागणी आता एवढीच आहे की काम विचारलंत तर गाडीचा त्या कामात काय वापर आहे ते विचारा, खुर्चीचं नाव विचारू नका. आणि सवलत द्यायची असेल तर ती कशावर दिली हे कागदावर लिहा. नियामकाकडे तसं पत्र लिहितेय, मसुदा उद्या इथेच टाकते, वकीलसाहेब तपासून द्या.

विमा काल काढला. दुसऱ्या कंपनीचा, किलोमीटरवरचा, वर्षाला ७,५०० चा टप्पा. मी गाडी नाइटलाच नेते, दिवसपाळीला लोकल, त्यामुळे पुरतो. ओडोमीटरचा फोटो मागितला होता. बेसमेंटमध्ये दिवा गेलेला, वॉचमनकाकांनी टॉर्च धरला. ४१,२६८. व्यवसायाच्या चौकटीत 'इतर' निवडल्यावर खाली मोकळी ओळ आली, तिथे मी 'स्टाफ नर्स' लिहिलं.

आज नाइट आहे, निघते.